डाव्या पायाची किक

शेडचं दार उघडल्यावर गाडी लगेच दिसत नाही. आधी गवत कापायचा ट्रॅक्टर, मग खताची पोती, आणि पोत्यांच्या आडून डोकावणारी एक लाल टाकी. फेब्रुवारी महिना, श्रॉपशरचा हाडात शिरणारा ओला गारठा. काल टेलफर्डला जुन्या डर्ट बाइकच्या प्रदर्शनात तुम्ही दिवसभर फिरलात, आरशासारख्या चकचकीत गाड्यांच्या किमती ऐकल्यात आणि खिशातला हात खिशातच ठेवलात. निघताना चहाच्या रांगेत एक म्हातारा भेटला. म्हणाला, माझ्याकडे एक पडून आहे, बघायची तर उद्या या.

ती ही. मायको ४९०, साल १९८१. एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, वाऱ्यावर थंड होणारं. मागे दोन शॉकॉब्सर, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. बोअर ८६.५ मिलिमीटर, म्हणजे पिस्टन आमटीच्या वाटीएवढा. तुम्ही यज्दीवर वाढलेले. शाळा सुटली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या गॅरेजमध्ये. यज्दीच्या अडीचशे सीसीतून तेरा हॉर्सपॉवर निघायची आणि त्यावर दोघं माणसं आणि एक गॅस सिलिंडर पन्हाळा चढायचे. ही बया पन्नासच्या आसपास काढते आणि वजनाला यज्दीपेक्षा हलकी. जर्मनीत ट्युबिंगनजवळ फेफिंगन नावाचं खेडं आहे, तिथे ती बनली. मायको म्हणजे ‘माइश आणि कंपनी’ची आद्याक्षरं. मोठ्या सीसीच्या मोटोक्रॉसमध्ये यापेक्षा चांगली गाडी दुकानात कधी विकायलाच आली नाही, असं म्हणणारी माणसं आजही प्रत्येक प्रदर्शनात भेटतात. गंमत अशी की ५०० सीसीचं जागतिक विजेतेपद मायकोला एकदाही मिळालं नाही.

तुम्ही वाकता. रंगाकडे बघत नाही. रंग बघणारं गिऱ्हाईक विकणाऱ्याला आवडतं. चिमटा जिथे फ्रेमला मिळतो तिथली माती नखाने खरवडता, केसासारखी चीर आहे का बघता. मागच्या हबला स्पोकच्या भोकांपाशी बोट फिरवता. मॅग्नेटचं कव्हर काढून फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरता आणि वरखाली हलवता. आत-बाहेर जरा हललं तर चालतं, वरखाली हललं तर क्रँकची बेअरिंगं गेली. हलतं. थोडंसं, पण हलतं. केसिंगवर पांढरी भुकटी. पुढच्या फोर्कला गंजाचे दोन खड्डे, नेमके सील घासतं तिथेच. आणि मागच्या ब्रेकच्या पॅडलला कुणीतरी तीन भोकं पाडलेली, मधलं चक्क तिरकं. हाताच्या ड्रिलने, घाईत, कुणा गाढवाने. तुम्ही मनातल्या यादीत लिहिता: पॅडल नवीन.

मग किक. मायकोची किक डाव्या बाजूला. बरेच जण गाडीच्या डावीकडे उभं राहून उजव्या पायाने मारतात. तुमचा डावा पाय मात्र आपोआप उठतो, कारण यज्दीचीही किक डावीकडेच. पिस्टन वर येऊन अडतो, पाय तसाच अधांतरी राहतो, आणि मग सुस्कारा टाकल्यासारखा हळूहळू खाली बसतो. कॉम्प्रेशन आहे, पण म्हातारं.

“डाव्या पायाने मारणारा फार वर्षांनी बघितला,” म्हातारा म्हणतो. १९८४ मध्ये एका बेल्जियन पोराकडून त्याने ती घेतली, दोन हंगाम पळवली, मग कंबर गेली. आकडा सांगतो. तुम्ही निम्मा सांगता. तो हसून दार लावायला निघतो. शेवटी मधल्यापेक्षा जरा वर तुटतं, आणि जुन्या टायरची जोडी फुकट.

व्हॅनमधूनच तुम्ही मामांना फोन लावता.

“किती मोजलंस?”

तुम्ही रुपयांत सांगता. पलीकडे लेथचा आवाज तेवढा ऐकू येतो.

“एवढ्यात हितं तीन यज्द्या आल्या असत्या. भंगार घेतलंस व्हय रं?”

“मामा, क्रँकला खेळ आहे.”

“क्रँकचं ऱ्हाऊ दे. ब्रेक कसला हाय?”

“ड्रम.”

“मग आधी त्यो बघ. पळती म्हणून कोण मेलं न्हाई आजवर.”

वुल्व्हरहॅम्प्टनला तुमच्या गॅरेजात गाडी उतरते आणि दोन आठवड्यांत तिचे तुकडे होतात. भिंतीवर तुम्ही एक कागद चिकटवला आहे. वर मोठ्या अक्षरांत: कंपनीतून निघाली तश्शी. खाली यादी. बिंगचा ४० मिलिमीटरचा कार्बोरेटर. मोटोप्लाटचं इग्निशन. कंपनीचे शॉक, कंपनीचं हँडल, कंपनीचं पॅडल. जुन्या गाड्यांच्या जगात हा एक सोवळ्याचा प्रकार आहे. मूळचा नट हरवला म्हणून तसाच नट जर्मनीतून टपालाने मागवणारे लोक तुम्ही बघितलेत, आणि आपणही त्यातलेच होऊ या विचाराने तुम्हाला थोडं बरंही वाटतंय.

सायलेन्सरच्या पाइपचं मोठं पोट आतून काजळीने भरलंय. ती काढायची जुनी रीत म्हणजे जाळून. तुम्ही पाइप अंगणात विटांवर ठेवता आणि बर्नरची ज्योत आत सोडता. आधी काळा धूर, मग निळसर. आणि मग एक वास.

हा वास तुम्ही ओळखता, पण इथला म्हणून नाही. सुट्टीतल्या रविवारची सकाळ, आजीच्या हातातला चमचा, नाक दाबून गिळलेलं एरंडेल. तेच हे, फक्त जळलेलं, गोडसर, मेणासारखं. रेसिंगच्या गाड्यांत एरंडेल पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचे, कारण तापलेल्या धातूला ते घट्ट धरून राहतं. कॅस्ट्रॉल हे नाव आलं तेच मुळी कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरून. कुणाच्या घशातून काय उतरतं आणि कुणाच्या सिलिंडरमधून काय. धूर डोळ्यांत जातो. तुम्ही डोळे मिटता, खोकता, एक पाऊल मागे सरकता.

टाच गवतात रुतते. तुमच्या अंगणात तर फरशी आहे.

डोळे उघडता तर धूर तसाच, पण वर झाडं. उंच, जुनी. त्यांच्यामागे दगडी तटबंदी, आणि खूप खाली दोन नद्या एकमेकींना मिळताहेत. म्यूझ आणि सांब्र. म्हणजे हा नामूरचा किल्ला. बेल्जियम. फळ्यावर चिकटवलेल्या कागदावर साल आहे: १९८१, ऑगस्ट, शनिवार संध्याकाळ. उद्या किल्ल्याच्या अंगाखांद्यावर ५०० सीसीची ग्राँ प्री आहे.

तुम्ही घाबरायला हवं होतं. पण खिशात यादी आहे आणि डोक्यात एकच विचार: इथे मायको ४९० असणार. नवीन. या वर्षीच्या. कंपनीतून निघाली तश्शी कशी असते ते आता प्रत्यक्ष डोळ्यांनी बघून घेऊ.

पॅडॉक म्हणजे उतारावरचं एक चिखलाचं मैदान. फॅक्टरीवाल्यांचे ट्रक एका बाजूला, त्यांच्याभोवती दोरी. दोरीपलीकडे होंडा उभ्या, मागे एकच शॉक, त्याला सांधे आणि दांड्या जोडलेल्या. प्रो-लिंक. पलीकडे सुझुकीचा फुल फ्लोटर, कावासाकीचा युनि-ट्रॅक. दोन शॉकचे दिवस भरलेत हे इथे वाचता येणाऱ्याला स्पष्ट वाचता येतं. एका शॉकची कल्पना मुळात इथल्याच एका प्राध्यापकाची. ल्युसिएं तिल्केन्स हे त्यांचं नाव. यामाहाने ती घेतली आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसनने त्यावर २५० चं जागतिक विजेतेपद मारलं. मायकोने त्याच सुमाराला मागचे शॉक पुढे सरकवून चाकाचा प्रवास वाढवला होता आणि सगळ्या जगाला आपल्या मागे पळायला लावलं होतं. सत्तरीच्या सुरुवातीला मागचं चाक जेमतेम चार इंच वरखाली व्हायचं. आता इथे फूटभर होतंय. ज्यांनी ही शर्यत सुरू केली तेच आता मागे पडत चाललेत. १९८२ मध्ये तेही एका शॉकवर येतील, आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजेल. हे इथे फक्त तुम्हाला माहीत आहे.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, दोरी नसलेल्या भागात, स्वतःच्या पैशाने रेस करणारी मंडळी. डबडी व्हॅन, तिला बांधलेली ताडपत्री, स्टोव्हवर सूप, बूट वाळत टाकलेले. आणि ती. लाल. चार महिन्यांची असेल-नसेल. तिच्याशेजारी पंचविशीचा एक मुलगा मांडी घालून बसलाय.

तुम्ही यादी काढता. कंपनीचे शॉक? नाहीत. पिवळ्या स्प्रिंगचे ओहलिन्स आहेत, स्वीडनहून आलेले. कंपनीचे व्हॅनच्या दाराला अडकवण म्हणून लावलेत. बिंग कार्बोरेटर? तो बादलीत पडलाय. जागेवर मिकुनी बसलाय. हँडल दुसरं. चेन गाइड घरी बनवलेलं, बहुतेक पोळपाटासारख्या कुठल्यातरी प्लास्टिकमधून. पुढच्या मडगार्डखाली चिखल चिकटू नये म्हणून फोम कोंबलेला. तुम्ही शेजारची दुसरी मायको बघता. तिचं सगळं निराळंच, पण तीही कंपनीतून निघाली तशी नाही. तिसरी बघता. तिचा मालक सिलिंडर मांडीवर घेऊन कानशीने पोर्ट घासतोय, दाढी केल्यासारखा, मध्येच बोटाने चाचपून बघत.

तुमच्या यादीतल्या एकाही ओळीपुढे खूण करता येत नाही. कंपनीतून निघाली तश्शी गाडी अख्ख्या पॅडॉकमध्ये एकच आहे, तीही बंद पडलेली, आणि तिच्याकडे कुणी बघत नाहीये.

पहिल्या मुलाकडे परत येता. संध्याकाळच्या सरावात पाऊस पडून गेला आहे; ब्रेकच्या पॅडलवर चिखलाचा थर बसून बूट सटकत होता, हे त्याने शेजाऱ्याला केलेल्या हातवाऱ्यांवरून कळतं. तो पॅडल काढतो, दगडावर ठेवतो, हाताने फिरवायचं ड्रिल घेतो. पहिलं भोक. तुम्ही जागच्या जागी थिजता. दुसरं पाडताना दगड कलंडतो, ड्रिल घसरतं, भोक तिरकं जातं. तो एक शिवी देतो. भाषा येत नसली तरी शिवी समजते. तिसरं सरळ. पॅडल तोंडासमोर धरून भोकांतून पलीकडे बघतो, आणि नेमका तुमच्याकडे.

तुम्ही मान हलवता. तोही हलवतो.

रविवारी किल्ला माणसांनी फुलून गेलाय. झाडांच्या बुंध्यांना गवताच्या गासड्या बांधल्यात, कारण वाट झाडांमधूनच जाते. सुटायच्या आधी चाळीसेक इंजिनं एकदम वाढतात, तेव्हा तो आवाज कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतो. मग दोरी सुटल्यासारखा लोंढा. वर चढ, मग अंधाऱ्या झाडीत गायब, मग भिंतीसारख्या उतारावरून मुळांवर आपटत खाली, डांबरी रस्ता तिरका ओलांडून एका कॅफेच्या समोरून पुन्हा झाडीत. सात वर्षांनी याच कॅफेपाशी हाकान कार्लक्विस्ट आघाडीवर असताना गाडी थांबवून बिअर पिईल आणि तरीही जिंकेल. आज कॅफेवाला नुसताच ग्लास पुसतोय.

आंद्रे मालर्ब येतो तेव्हा गर्दी वेडी होते. म्यूझच्याच काठचा, पलीकडच्या हुईचा पोरगा, गेल्या वर्षीचा जगज्जेता. या वर्षीही तोच होणार. फॅक्टरीची होंडा त्याच्याखाली पाणी वाहावं तशी वाहते. तुम्ही कुंपणाला धरून उभे. तुम्हाला पुढचं माहीत आहे: तीन विजेतेपदं, आणि मग १९८८ च्या पॅरिस–डाकारमध्ये एक पडणं, ज्यानंतर मानेखालचं शरीर त्याचं ऐकणार नाही. चौतीस वर्षं तो तसा जगेल. तुम्ही ओरडायला तोंड उघडता. आजूबाजूचे हजारो लोकही त्याच क्षणी ओरडताहेत. तो गेलेलाही असतो.

तो भोकं पाडणारा मुलगा बऱ्याच मागून येतो. उताराच्या माथ्यावर सगळे ज्या जागी थबकतात तिथे तो थबकत नाही. पुढचं चाक खोबणीत टेकवतो आणि गाडी त्या खोबणीतून अशी वळते की जणू वळण तिच्या मापानेच खणलंय. मायकोचं नाव याच्यासाठी होतं. ताकद सगळ्यांकडे होती. वळायची ही. फक्त पुढे रस्त्यापाशी तो ब्रेक दाबतो तेव्हा ती थांबत नाही. गासडी थांबवते. तो उठतो, हँडल गुडघ्यांत धरून सरळ करतो, डाव्या पायाने किक मारतो. एक. दोन. तिसरीला लागते आणि निळा धूर तुमच्या तोंडावर येतो.

टाच फरशीला लागते. पाइप विटांवर लालभडक झालाय आणि शेजारीण कुंपणावरून विचारतेय की फायर ब्रिगेडला बोलवू का.

भिंतीवरचा कागद तुम्ही फाडत नाही, उलटा करून लावता. मागे कोरी बाजू आहे.

आधी ब्रेक. गाडी चालवायला घेण्याआधी हा एक महिना द्याच. ट्विनशॉक वर्गात उतरायचं तर ड्रम काढून डिस्क लावायची सोय नाही, ड्रमच नीट करावा लागतो. ड्रम कधीच पूर्ण गोल नसतो. स्पोक ताणले की त्या ओढीने तो किंचित लंबगोल होतो. म्हणून आधी चाक बांधून, स्पोक ताणून, तसंच्या तसं चाक लेथवर चढवायचं आणि ड्रम आतून हलकेच कातायचा. मग शूवर मापापेक्षा जाड लायनर चिकटवून घ्यायचं आणि शू प्लेटवर बसवलेल्या अवस्थेत ड्रमच्या नेमक्या व्यासाला कातून आणायचे. नाहीतर नवा शू फक्त मधल्या दोन बोटांएवढ्या जागेत टेकतो आणि माणूस म्हणतो, ड्रम ब्रेक असेच असतात. शूवर खडू घासून ड्रममध्ये फिरवा. खडू सगळीकडून सारखा पुसला गेला तर जमलं. हे तुम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. दहा वर्षांचे असताना तो खडू शाळेतून चोरून मामांना तुम्हीच आणून दिला होता.

इंजिन उघडावं लागतंच. क्रँकची बेअरिंगं नवी, आणि त्याहून महत्त्वाची दोन्ही बाजूंची ऑइल सीलं. पाच-दहा पौंडांचं रबर. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खोलीतच हवा-पेट्रोल येतं. सील सुकून फट पडली की तिथून नुसती हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर वेगात जाम होतो. पन्नास हॉर्सपॉवरची गाडी भर वेगात जाम होणं कसं असतं याचा अनुभव घ्यायलाच हवा असं नाही. ब्लॉकला लोखंडी लायनर आहे, तो एक माप वाढवून बोअर करून घेता. पोर्टला हात लावत नाही. ४९०ची ताकद वाढवायची म्हणजे सासऱ्याला तिखट वाढण्यासारखं आहे.

इग्निशनची मूळची कॉइल चाळिशी ओलांडून आलेली. चालली तर चालली. तुम्ही नवीन पीव्हीएल बसवता, काहीही अपराधी वाटून न घेता. कार्बोरेटर ३८ चा मिकुनी. मूळच्या चाळीसपेक्षा लहान, पण खालच्या वेगाला इंजिन धाप न टाकता उचलतं. फोर्कच्या दांड्यांवर पुन्हा क्रोम चढवून घेता, स्प्रिंगा तुमच्या वजनाच्या. बेल्जियन पोरगा साठ किलोचा असेल, तुम्ही नाही आहात. पेट्रोल मात्र बघून भरावं लागतं. इंग्लंडात २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. मामांना हे सांगता तेव्हा ते म्हणतात, इथे आता वीस टक्के आहे, आणि ते आपल्याच उसाचं.

आणि पॅडल. वायरब्रशने घासून, गंज काढून, तसंच. मधलं भोक तिरकं.

एप्रिलचा शनिवार. पहिल्यांदा पेट्रोलमध्ये एरंडाचंच तेल, एवढी चैन. मामा व्हिडिओ कॉलवर. फोन टूलबॉक्सला टेकवून ठेवलेला, त्यात त्यांच्या कपाळाचा वरचा भाग आणि गॅरेजचा पंखा दिसतोय.

पिस्टन वर आणता. अडतो, आता नीट अडतो, पायाला उलटं ढकलतो. तिथून केसभर पुढे सरकवून किक पुन्हा वर घेता. अर्धवट मारली तर ही घोट्याचा हिशोब करते, तेव्हा मारायची तर शेवटपर्यंत. डावा पाय. पहिली, काही नाही. दुसरीला एक ढेकर आणि पाइपमधून काळ्या पाण्याची पिचकारी. तिसरीला लागते.

शेजारणीच्या खिडकीची काच थरथरते. धूर निळा, मग पातळ. तुम्ही दोन मिनिटं तापू देता, बंद करता, प्लग काढून फोनसमोर धरता. भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखा रंग यायला हवा. जरा काळपट आहे. जेट एक नंबर खाली.

“दिसतंय का, मामा?”

“दिसतंय. बसव परत.” पंख्याखालून कपाळ पुढे येतं. “आता गरम हाय. आता मार.”

तुम्ही प्लग आवळता, कॅप दाबता, आणि डावा पाय उचलता.